दारावरच्या दोन पाट्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कोथरूडला आम्ही राहतो त्या फ्लॅटच्या दारावर दोन पाट्या आहेत. वरची पितळी, जुनी, तिच्यावर त्यांचं नाव. खालची प्लॅस्टिकची, तिच्यावर माझं. आडनावं वेगळी. नवीन कुरिअरवाला आला की तो दोन्ही पाट्या वाचतो, माझ्या गळ्याकडे बघतो आणि विचारतो, "आजी, तुम्ही इथे भाड्याने का?" पहिली दोन वर्षं मी सरळ "हो" म्हणून सही करून पार्सल घेत असे. हल्ली "नाही" म्हणते आणि दार लावते. पुढचं त्याचं त्याने समजून घ्यावं.

२०१७ सालापासून आम्ही दोघं एकत्र राहतो. लग्न केलेलं नाही. मी साठीची होते, ते पासष्ट वर्षांचे. "प्रेम टिकायला लग्न लागतं का, यावर बोलाल का?" असं आकाशवाणीतून विचारलं गेलं, तेव्हा मी म्हटलं, मी काही समाजशास्त्र शिकलेली नाही. घरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत होते, एवढंच. तर पलीकडून उत्तर आलं, "मग अनुभवाचंच सांगा." म्हणून आले आहे.

पहिली अडचण भाषेची. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नसत. "हे" म्हटलं की संपलं. "हे बाहेर गेलेत", "ह्यांना विचारते". आता ज्यांच्याशी लग्न झालेलं नाही त्यांना "हे" कसं म्हणायचं? "मित्र" म्हटलं तर शेजारणीच्या भुवया वर जातात. "जोडीदार" म्हटलं की बॅडमिंटन आठवतं. "सहचर" कवितेत बरा, भाजीवाल्यासमोर नाही. सोसायटीतल्या बायकांनी आपला मार्ग काढला, त्या "तुमचे ते" म्हणतात. मीही "ते" म्हणते. त्यांचं नाव मी आज घेणार नाही, कारण इथे येण्याआधी त्यांनी तेवढी एकच अट घातली. आणि ते मला "बाई" म्हणतात. शिकवणीची मुलं म्हणायची तसं. माझा नातू पाच वर्षांचा होता. त्याने दोन दिवस विचार केला आणि त्यांना "कोथरूडचे आजोबा" करून टाकलं. एवढं सोपं होतं ते.

आता थोडं मागचं सांगायला हवं. माझं लग्न १९७९ सालचं, बघून-सवरून, पत्रिका जुळवून केलेलं. माझे यजमान टपाल खात्यात होते. तीस वर्षांचा संसार. प्रेम होतं का? खरं सांगते, पहिली दहा वर्षं हा प्रश्न मला पडलाच नाही. सासूबाईंचं दुखणं, मुलीची शाळा, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुरवून वापरायचा रॉकेलचा डबा. मग अशी चार-पाच वर्षं आली की आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. कारण सांगण्यासारखं नाही, मोठंही नव्हतं. त्या वर्षांत कोणी मला दार उघडून दिलं असतं आणि विचारलं असतं, "जातेस?", तर मी गेले असते. कोणी विचारलं नाही. माहेरीही जागा नव्हती. मी राहिले. आणि पुढे त्यांना मूत्रपिंडाचा आजार झाला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ते चार-चार तास मी शेजारी बसायची. त्या खुर्चीत बसून आम्ही इतकं बोललो, जेवढं आधीच्या पंचवीस वर्षांत बोललो नव्हतो. २००९ साली ते गेले. शेवटच्या दोन वर्षांत माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

म्हणून कोणी तावातावाने म्हणू लागलं की लग्न म्हणजे नुसता कागद, त्याचा प्रेमाशी संबंध काय, तर मी गप्प बसते. त्या बंद दारामुळेच आम्हाला एवढा वेळ मिळाला. दार उघडं असतं तर पुढे आलेलं ते प्रेम यायच्या आतच मी निघून गेले असते. पण लगेच मला आमच्या जुन्या चाळीतली एक बाई आठवते. तिचंही दार बंद होतं, आणि आतून रोज मारहाणीचा आवाज यायचा. तिला कसला वेळ मिळाला? तेव्हा बंद दाराचं कौतुक मी एका मर्यादेपर्यंतच करते.

हे, म्हणजे "ते", मला २०१४ साली तळजाईच्या टेकडीवर भेटले. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा एक घोळका होता. ते बँकेतून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा बंगळुरूला. टेकडी उतरताना माझा गुडघा दुखायचा म्हणून ते माझ्यामागे हळू उतरायचे, हे मला वर्षभराने कळलं. त्याआधी मला वाटायचं त्यांचाच गुडघा दुखतो. यापलीकडे प्रेमकथा काही नाही.

त्या सुमाराला पुण्यात ज्येष्ठांच्या एकत्र राहण्याची चर्चा होतीच. माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं होतं, वर्तमानपत्रांतून त्याबद्दल छापून यायचं. वाचून लोक हसायचे. मीही हसले होते. पण एकटी राहणारी माणसं ती बातमी दोनदा वाचतात.

आम्ही मुलांना सांगितलं. त्यांच्या मुलाने फोनवर आधी "बाबा, तुम्ही आनंदी असाल तर मीही आनंदी" असं म्हटलं, आणि तिसऱ्या वाक्याला फ्लॅटचं काय, ते विचारलं. माझा त्याच्यावर राग नाही. हिशेबी घरातला मुलगा आहे. माझी मुलगी नाशिकला असते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मग सरळ लग्नच कर ना. मला सासरी सांगायला सोपं जाईल." गंमत बघा. तिच्या लग्नात तिची बाजू घेऊन मी नातेवाइकांशी भांडले होते. आता माझ्या लग्नासाठी तिला नातेवाइकांची काळजी.

त्यांचीही इच्छा लग्नाची होती. विशेष विवाह कायद्याखाली, १९५४ च्या, नोंदणी कार्यालयात जाऊन अर्ज द्यायचा, तीस दिवस नोटीस लागते, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. ते अर्ज घेऊनही आले होते. नको म्हणाले ते मी. आणि त्याचं कारण होतं माझी फॅमिली पेन्शन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. केंद्र सरकारी कर्मचारी गेला की त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के आणि त्यावर महागाई भत्ता. ते मिळतं तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर. मूलबाळ नसलेल्या विधवेला काही अटींवर सवलत आहे, पण मला मुलगी आहे. पेन्शन सुरू होताना मी सही करून दिली होती की पुनर्विवाह केला तर कळवीन.

"मृत्यू किंवा पुनर्विवाह." हे दोन शब्द शेजारी-शेजारी वाचून मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. नंतर एकदा वाचनालयात स्त्रियांच्या कायद्यांवरचं पुस्तक हाती लागलं. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला, एवढं आपण शाळेत शिकतो. त्याच कायद्याचं दुसरं कलम शाळेत शिकवत नाहीत. त्यात असं होतं की विधवेने पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला तिचा हक्क संपेल, जणू ती त्या दिवशी मरण पावली असं समजून. म्हणजे एका हाताने बोहल्यावर चढायची परवानगी दिली आणि दुसऱ्या हाताने आधीच्या घरातून तिला मेलेली ठरवलं. आम्ही राहतो तिथून कर्वेनगर जवळच. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुनर्विवाह करणाऱ्या बाईच्या हातून काय सुटत होतं, याचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. हिशेब मात्र पेन्शनच्या नियमात राहून गेला.

ते म्हणाले, "बाई, जाऊ द्या ती पेन्शन. तेवढे पैसे मी दर महिन्याला तुमच्या खात्यावर भरतो." मनापासून म्हणाले. पण मला ते पटवून घेता येईना. शिकवण्यांचे पैसे मी आयुष्यभर घरात दिले, डब्यात ठेवले, सासूबाईंच्या औषधाला काढले. माझ्या नावाने, माझ्या एकटीच्या खात्यावर, दर महिन्याला न मागता जमा होणारे पहिले पैसे म्हणजे ही पेन्शन. ते मिळण्यासाठी मला नवरा गमवावा लागला. आणि आता पुन्हा कोणाच्या तरी देण्यावर यायचं? ते कितीही चांगले असले तरी? माझी चिंचवडची दोन खोल्यांची जागाही मी विकली नाही. बंद असते. किल्ली पर्समध्ये असते. त्यांना ते माहीत आहे.

असं आमचं चाललं होतं, आणि छान चाललं होतं. मग २०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री अडीच वाजता त्यांच्या छातीत कळ आली.

रिक्षा मिळेना. सोसायटीच्या वॉचमनने शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली. रुग्णालयात पोहोचलो, डॉक्टर म्हणाले, ताबडतोब अँजिओप्लास्टी करावी लागेल, सही करा. काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. तिने फॉर्म पुढे केला. नाव, वय, पत्ता मी भराभर लिहिलं. मग आलं, "रुग्णाशी नाते".

पेन तिथे थांबलं. काय लिहू? "मैत्रीण" लिहिलं तर ही मुलगी काय म्हणेल, हा विचार त्या वेळीही मनात आला, याची मला लाज वाटते. त्या मुलीला घाई होती आणि ती मनाने चांगली होती. ती म्हणाली, "आजी, पत्नी लिहू ना?"

मी म्हटलं, "नको. पत्नी लिहू नका."

का म्हणाले? कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं की हा कागद कुठेतरी जाईल, कॉम्प्युटरवर चढेल, आणि कधीतरी तो दुसऱ्या कागदाला भेटेल, ज्यावर मी सही केलेली आहे. मूर्खपणाच होता तो. रुग्णालयातल्या फॉर्मने कोणाचं लग्न लागत नाही. पण रात्री तीन वाजता माणूस शहाणा नसतो. त्या मुलीने विचारलं, "मग सही करणारं रक्ताचं कोणी आहे का?" बंगळुरूला फोन लावला. मुलाने फोनवर संमती दिली, मग काम पुढे सरकलं. पंचवीस मिनिटं गेली त्यात. डॉक्टर नंतर म्हणाले, तेवढ्याने काही बिघडलं नाही.

बिघडलं ते वेगळंच. स्ट्रेचर काउंटरपासून चार हातांवर होतं. त्यांना शुद्ध होती. त्यांनी ते ऐकलं होतं.

ते घरी आले. मी पथ्याचं करत होते, गोळ्यांच्या वेळा वहीत लिहीत होते. ते "थँक यू बाई" म्हणायचे. अकरा दिवस ते नुसते "थँक यू बाई" म्हणत होते. बाराव्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मी मेलो असतो तर माझ्या कागदावर तुमचं नाव कुठेच नसतं. तेवढ्या पैशांसाठी?"

मी म्हटलं, "पैशांसाठी नाही." आणि मग पुढे मला बोलता येईना, कारण पैशांसाठीच होतं. फक्त ते पैसे म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांना चाळीस वर्षं दर महिन्याला पगार मिळाला होता. आम्ही त्या दिवशी मोठ्याने भांडलो. सात-आठ वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा. मी चिंचवडला निघून गेले. जायला जागा होती, किल्ली होती, म्हणून गेले. चार दिवस राहिले. पहिल्या संसारात ज्या दाराची मी वाट बघत होते ते आता होतं, आणि मी त्यातून बाहेर पडून बसले होते.

चौथ्या दिवशी परत आले. कोणी बोलावलं नव्हतं. बसमध्ये बसताना एवढंच मनात होतं की त्यांची दुपारची गोळी जेवणाआधी घ्यायची असते आणि ते ती नंतर घेतात.

या विषयावर बोलताना लोक अमृता प्रीतम आणि इमरोज यांचं उदाहरण देतात. तरुण मुलं तर हमखास. दोघं दिल्लीत हौज खासला लग्नाशिवाय चार दशकं एकत्र राहिले. अमृताजी कवयित्री, ते चित्रकार. 'नागमणी' हे पंजाबी मासिक त्यांनी मिळून चालवलं. २००५ साली ३१ ऑक्टोबरला त्या गेल्या. इमरोज त्यानंतर अठरा वर्षं जगले, २०२३ च्या डिसेंबरात गेले, आणि तोवर त्यांच्याविषयीच बोलत राहिले. फार मोठं उदाहरण आहे, त्यात शंका नाही. पण मला त्यातल्या दुसऱ्याच गोष्टी दिसतात. अमृताजींना स्वतःची कमाई होती, स्वतःचं नाव होतं. आणि गंमत म्हणजे ते नावही पहिल्या लग्नातलं. प्रीतम सिंग हे त्यांच्या पतीचं नाव. लग्न मोडलं, नाव राहिलं, आणि त्याच नावाने त्या अजरामर झाल्या. कागद नको म्हणायची ऐपत अशा बाईला असते. ज्या बाईच्या नावावर वीजबिलही नाही, तिला कोणी "आपल्यात कागद कशाला" म्हटलं, तर तिने जरा थांबून विचार करावा असं मी सांगेन.

कायदा हळूहळू अशा बायकांकडे बघू लागला आहे, नाही असं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात "विवाहासारखे संबंध" असे शब्द आले. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावताना सांगितलं की अशी जोडी समाजात पती-पत्नीसारखी वावरत असली पाहिजे, बराच काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेली असली पाहिजे. मी ते वाचून यांना म्हटलं, आपण कुरिअरवाल्यासमोर मालक-भाडेकरूसारखे वावरलो, आपलं कसं होणार? १९७८ सालच्या एका निकालात तर न्यायालयाने पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालेलंच असणार असं गृहीत धरलं. त्या हिशेबाने आम्ही एकशे दहा आणि एकशे पंधरा वर्षांचे झालो की बसू त्यात. उत्तराखंडात २०२५ च्या जानेवारीपासून असं एकत्र राहण्याचीही नोंदणी सक्तीची झाली, न केल्यास शिक्षेची तरतूद झाली. म्हणजे लग्न टाळून कागद टळतो असंही नाही. वारशाच्या बाबतीत मात्र सोबत राहणाऱ्याला मृत्युपत्राशिवाय काही मिळत नाही, मग तीस वर्षं राहा.

परत आल्यावर आम्ही बसलो आणि कागद केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आगाऊ वैद्यकीय निर्देश मान्य केले होते, म्हणजे आपण बोलण्याच्या अवस्थेत नसू तेव्हा उपचारांचा निर्णय कोणी घ्यावा हे आधी लिहून ठेवायचं. तेव्हा त्यावर दंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे कोणी फिरकत नसे. २०२३ च्या जानेवारीत ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आम्ही एकमेकांची नावं घातली. एक-एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे दिली. मुलीला हे कळल्यावर ती आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. "माझ्याऐवजी त्यांचं नाव?" मी म्हटलं, तू नाशिकला असतेस. ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं, आणि ते तिला समजलं.

त्यांनी मृत्युपत्र केलं. फ्लॅट मुलाला, पण मी हयात असेतोवर मला तिथे राहण्याचा हक्क. मुलाने वाचून "ठीक आहे" म्हटलं. त्या दोन शब्दांत काय होतं ते मी शोधत बसले नाही. नोटरींनी टाइप करताना विचारलं, "या तुमच्या कोण लिहू?" मी खाली बघत होते. ते म्हणाले, "यांनाच विचारा." मी म्हटलं, "सोबत राहतात असं लिहा." त्यांनी तसंच लिहिलं.

लग्नाचा तो अर्ज कपाटात आहे, वरच्या कप्प्यात, इस्त्रीच्या कपड्यांखाली. त्यांनी तो फाडला नाही आणि मी फेकला नाही.

दर नोव्हेंबरात मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत रांग असायची. आता जीवन प्रमाण मोबाइलवर निघतं, आणि मला ते जमत नाही, म्हणून तेच करून देतात. गेल्या नोव्हेंबरात खिडकीशी उजेडात मला खुर्ची ठेवून दिली. चष्मा कपाळावर चढवून एक-एक प्रश्न मोठ्याने वाचत होते. नाव. आधार क्रमांक. पेन्शनचा क्रमांक. मग म्हणाले, "पुनर्विवाह केला आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी "नाही" वर बोट टेकवलं. मग फोन माझ्या चेहऱ्यासमोर धरला आणि म्हणाले, "बाई, हलू नका. आता डोळ्यांची उघडझाप करा."